एवढ्या मोठ्या आकाशातून देवाला आपलं घर दिसतं का?

पत्र:

ताई नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, खाडीकाठच्या गावातली, वय 36. नवरा मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. घरी मी, सासूबाई आणि मुलगा, त्याला ह्या दिवाळीत आठ पूर्ण झाली. माझे बाबा तांडेल होते, सगळं आयुष्य समुद्रावर काढलं, गेल्या वर्षी श्रावणात अटॅकने गेले. लहानपणी ते मला खळ्यात कांबळं घालून तारे दाखवायचे, मी काळोखाला घाबरले की ध्रुव दाखवून म्हणायचे, "घाबरा नको गो, तो थंयच आसता." ते गेल्यापासून मला रात्री वर बघवतच नाही. आधी बघितलं की वाटायचं देव केवढा मोठा, आता वाटतं एवढं सगळं अफाट आहे तर त्यात आपण कोण, कोणाला पडलंय आपलं. गेल्या सीझनला अवकाळीने आंब्याचा मोहोर गेला, कलमांवरचं कर्ज तसंच आहे. परवा लाईट गेली तेव्हा मुलगा खळ्यात बसून म्हणाला, आई, एवढ्या मोठ्या आकाशातून देवाला आपलं घर दिसत असेल का? मला काही बोलता आलं नाही. त्याला मी सांगितलेलं की आजोबा तारा झाले, तर आता रोज विचारतो कुठला. पुण्याचा दीर म्हणतो वहिनी हे सगळं ग्रॅव्हिटी आहे, देवबिव काही नाही, पोराला खोटं शिकवू नका. मी काय सांगू त्याला? बाबांचं कांबळं पेटीत आहे, ते पण बाहेर काढवत नाही.

उत्तर:

गो बाय,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी चहा घेताना परत वाचलं आणि मग दिवसभर तुझ्या झिलाचा, मुलाचा, प्रश्नच डोक्यात होता. तू गप्प बसलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, उगाच काहीतरी ठोकून दिलं असतंस तर पोराला कळलं असतं, पोरांना कळतं.

माझं उत्तर आधी सांगते, बाकीचं मग. हो, दिसतं. मी मानते की दिसतं, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून नाही लिहीत, मी ह्या गोष्टीवर देवाशी बरंच भांडून झालेली बाई आहे म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर गेले त्या वर्षी मी अगदी तुझ्यासारखीच झाले होते. आमची सवय म्हणजे जेवणं झाली की पडवीच्या पायरीवर बसायचं, ते रेडिओ कानाशी धरून बातम्या ऐकायचे आणि मी सुपारी कातरायचे, बोलणं फारसं नसायचंच, पण वर सगळं आकाश उघडं. ते गेल्यावर मी सात वाजले की दाराला कडी घालायला लागले. एकदा मांजरासाठी दार उघडलं आणि चुकून वर लक्ष गेलं तर तारे होते तसेच, एक पण कमी नाही, आणि मला इतका राग आला, ह्यांना काय झालंय, ह्यांचं काही गेलं नाही, माझं घर रिकामं झालं आणि हे लखलखतायत. म्हणून तू लिहिलंयस ना "कोणाला पडलंय आपलं", ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत शेजारची मुलगी मला जवळजवळ ओढूनच वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली, कासवाची पिल्लं सोडताना बघायला. तिथले कासवमित्र घरट्यातली अंडी जपून ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राच्या वाटेला सोडतात. आम्ही पोचलो तेव्हा उजाडायला बराच वेळ होता, चंद्र नव्हता, मागे सुरूचं बन काळं मिट्ट. टोपलीतून पिल्लं वाळूवर ठेवली, एकेक माझ्या अंगठ्यापेक्षा जेमतेम मोठं, आणि ती चालायला लागली, अशी भराभर वल्ही मारल्यासारखी, सगळी समुद्राकडे. कोणी दाखवलं नव्हतं. आई तर अंडी घालून, खड्डा बुजवून त्याच रात्री पाण्यात निघून गेलेली, तिची आणि ह्यांची कधी भेटच नाही. शंभर-सव्वाशे अंडी घालते ती एका वेळी आणि एकाही पिल्लाचं तोंड बघत नाही.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या कोणीतरी फोटोसाठी मोबाईलची बॅटरी लावली. माझ्या पायाजवळचं एक पिल्लू थांबलं, मान वळवली आणि सरळ त्या बॅटरीकडे चालायला लागलं, म्हणजे समुद्राला पाठ करून. कासवमित्र ओरडला, बंद करा बंद करा. बॅटरी बंद झाली. ते पिल्लू तिथेच राहिलं, हलेना, मला वाटलं दमलं. मग अगदी हळू, थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे डोकं करत ते वळलं आणि परत समुद्राकडे चालू पडलं. मी वाकून बघत होते, पाणी आलं आणि त्याला घेऊन गेलं.

मी त्या कासवमित्र पोराला विचारलं की एवढ्या काळोखात ह्यांना दिशा कळते कशी, तर तो म्हणाला, काकी, तुम्हाला काळोख वाटतो पण समुद्राच्या बाजूचं आकाश झाडांच्या बाजूपेक्षा नेहमी थोडं उजळ असतं, वर तारे असतात, चंद्र असला तर चंद्र, आणि त्यांचाच उजेड पाण्यावर पडलेला, पिल्लं त्या उजळ बाजूला जातात. मी वर बघितलं. तेच तारे गं, ज्यांच्यावर मी रागावून दाराला कडी घालत होते, ज्यांना माझं काही पडलेलं नव्हतं, ते तिथे अंगठ्याएवढ्या जिवाला वाट दाखवत होते. मी तिथे वाळूतच बसले. रडले खूप. पण सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा ते रडणं एकटीचं नव्हतं.

आता हे पण सांगायला हवं, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ती सगळी पिल्लं मोठी होत नाहीत, हजारातलं एखादंच जगतं असं म्हणतात. उजेड सगळ्यांना सारखा दिलेला असतो आणि तरी सगळी पोचत नाहीत. तुझे बाबा श्रावणातच का गेले, तुझाच मोहोर का गळला, ह्याचं उत्तर मला आकाशात सापडलेलं नाही आणि ते तुला तिथे सापडेल असं मी सांगणार नाही. मला सापडलं ते वेगळंच, की जो एवढं सगळं सांभाळतो त्याला बारीकसारीक दिसत नाही हे आपण आपल्याच मनाने धरून बसलो होतो.

आपण काय करतो माहितीये का, लांब असणं आणि काळजी नसणं ह्या दोन गोष्टी एकच समजतो. आणि हे कोकणातल्या बाईने तरी समजू नये. आपल्याकडे घराघरातला बापूस मुंबईला, पिढ्यान्पिढ्या, एकेकाळी अख्खी गावं मनिऑर्डरवर चालायची. तुझ्या झिलाला विचार, बाबा मुंबईला आहेत, त्यांना आपलं घर रोज दिसतं का? नाही ना दिसत. मग त्यांना आपली आठवण नाही का, शाळेची फी कोण भरतं, तुला ताप आला तर दहा वेळा फोन कोण करतं? पोराला हे लगेच कळेल कारण तो ते जगतोय. आणि देव तर त्याच्या बाबांपेक्षा जवळच आहे, त्याला घर बघायला सुट्टी टाकून गाडी पकडून यावं लागत नाही.

लांबची गोष्ट जवळ कशी पोचते हे बघायचं तर तुला कुठे जायला पण नको, तू खाडीकाठीच राहतेस. चंद्र आपल्यापासून साधारण 3,84,000 किलोमीटरवर, आणि तुझ्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा तो वर घेतो, दोनदा खाली सोडतो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी पडते म्हणून भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. तुझ्या बाबांना तिथीवरून भरतीचा टाईम काढायचं गणित तोंडपाठ असणार, आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं अजून करतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. गावागणिक तासभर इकडेतिकडे होतं पण चुकत नाही. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे पुढे सरकत जातं कारण चंद्र पण रोज तेवढा पुढे सरकलेला असतो.

हे झिलाला शिकव. कॅलेंडरवरची तिथी बघायची, तोंडी हिशोब करायचा आणि धक्क्यावर जाऊन पाणी बघायचं. आणि मग ओहोटीला तू सासूबाईंबरोबर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जात असशीलच, तेव्हा त्याला घेऊन जा, चिखलात पाय घालून बोटांनी चाचपून पहिली तिसरी त्याला काढू दे आणि सांग की हे जे पाणी मागे सरलंय आणि आपल्याला रात्रीचं कालवण मिळालंय ते कोणी सरकवलं, वर बघ. चंद्र दिवसा पण असतो कितीतरी वेळा, फिकट, ढगाच्या तुकड्यासारखा. देव मोठा आहे हे मला डोंगर-समुद्र बघून लहानपणीच कळलं होतं, पण तो जेवायला घालतो हे तिसऱ्या काढताना कळलं. एवढं मोठं धूड आकाशात फिरवायचं आणि त्याचा टाईम असा ठेवायचा की बायकांना उजेडात शिंपले वेचता यावेत.

आणि अजून एक, हे मी हिशोब करून बघितलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. सध्या थंडीचे दिवस आहेत, रात्री आठ-नऊला पूर्वेला मृग वर आलेला असतो, मधे तीन चांदण्या ओळीत, तो बाण. त्याच रेषेत खाली जरा वेळाने एक तारा वर येतो, लखलखीत पांढरा, निळसर, तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. तो आपल्यापासून सुमारे 8.6 प्रकाशवर्षं लांब, म्हणजे तिथून निघालेला उजेड इथे पोचायला आठ वर्षं सात महिने लागतात. तुझ्या झिलाला ह्या दिवाळीत आठ झाली. म्हणजे आज रात्री जो उजेड त्याच्या डोळ्यात जाईल तो व्याधावरून निघाला तेव्हा तुला तिसरा-चौथा महिना असेल. अजून तो जन्माला यायचा होता, त्याचं नाव ठरायचं होतं, आणि त्याच्यासाठीचा उजेड वाटेला लागलेला होता. मी ह्याला योगायोग म्हणू शकत नाही, कोणी म्हणत असेल तर म्हणू दे.

ध्रुवाचा उजेड तर चारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी निघालेला, सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं 1664 मध्ये, त्याच्याही आधीचा, महाराजांच्या जन्माच्याही आधीचा. तुझ्या बाबांनी बोट करून दाखवला तो आणि आता तू दाखवशील तो, एकाच वाटेने येत राहिलेला उजेड आहे तो.

आता दिराचं. त्याच्याशी भांडू नकोस, तो ग्रॅव्हिटीबद्दल बोलतो ते खरंच आहे, भरतीचं आत्ता मी जे सांगितलं ते ग्रॅव्हिटीच आहे. पण भाकरी कशी फुगते हे कळलं, पीठ कसं मळायचं, तवा किती तापवायचा, वाफ आत कशी धरते, सगळं कळलं म्हणून भाकरी आईने केली नाही असं कोणी म्हणतं का? मला तर उलट जेवढं जास्त कळतं तेवढं हात जोडावेसे वाटतात. तुमच्याच तालुक्यात विजयदुर्ग आहे, किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून जागा आहे, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा अभ्यास तिथून झाला असं सांगतात. त्या ग्रहणाच्या वर्षीच सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ मिळाली जी तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना, तोच हेलियम. आधी सूर्यावर सापडला, पृथ्वीवर सापडायला 1895 उजाडलं. म्हणजे जे वर आहे तेच आपल्या पायाखाली पण आहे, फक्त आपल्याला उशिरा सापडतं. दीर गणपतीला आला की त्याला झिलाबरोबर विजयदुर्गला पाठव, तो ग्रहण समजावेल, छान समजावेल, आणि संध्याकाळी दोघं घरी आले की तू देवासमोर दिवा लाव, पोराला दोन्हीची सवय होऊ दे.

तुला गाऱ्हाणं आठवतं ना, देवळात घालतात ते? "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू होतं आणि मग अख्ख्या गावाचं एकेक सांगायचं, कोणाच्या घरात दुखणं आहे, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाची म्हैस हरवली, कोणाचा झील परदेशी चाललाय, आणि प्रत्येकाला सगळे मिळून "व्हय म्हाराजा". मला लहानपणी वाटायचं देवाला एवढ्या बारीक गोष्टी सांगतात ह्यांना लाज कशी वाटत नाही. आता वाटतं आपल्या पूर्वजांना देव केवढा मोठा आहे हे आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं, काळोखात होडी घेऊन जाणारी माणसं ती, त्यांच्या डोक्यावर रोज ते अफाट आकाश असायचं, आणि तरी सकाळी येऊन त्याच देवाला म्हशीचं सांगायची. मोठा आहे म्हणूनच सांगायची, लहानसहान देवाला एकाच वेळी सगळ्या गावाचं ऐकता आलं नसतं. तू पण सांग. मोहोराचं सांग, कर्जाचं सांग, बाबांशिवाय करमत नाही हे सांग. कुणकेश्वर जवळ असेल तर तिथे जा, नाहीतर घरातल्या देव्हाऱ्यापुढे, पण मोठ्याने, ओठातल्या ओठात नको.

कर्जाचं देवाला सांगून झालं की माणसांना पण सांगायचं हां. फळपीक विमा भरला होतास का बघ, भरला असशील तर कृषी खात्यातल्या माणसाला भेटून क्लेमचं काय झालं विचार, आणि बँकेत हप्त्यांसाठी नवऱ्याला बरोबर घेऊन जा, एकटी जाऊन दडपण घेऊ नकोस. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांना दाखव, दुःख अंगात मुरलं की नुसतं आकाश बघून उतरत नाही.

आता आजोबांचा तारा. इथे मी तुझ्याशी थोडी असहमत आहे. तू मायेने सांगितलंस, बहुतेक आया सांगतात, पण पोर आता मोठा होतोय, तो कुठला विचारतो कारण त्याला खरोखर शोधायचाय. उद्या दीर त्याला सांगेल तारे म्हणजे पेटलेला वायू, मग त्याचे आजोबा दुसऱ्यांदा जातील. त्यापेक्षा खरं सांग. आजोबा देवाकडे आहेत, आणि हे तारे आजोबांनी मला दाखवलेत, मी तुला दाखवते. ते एवढ्या वर्षांत कितीदा तरी ह्याच ताऱ्यांवरून घरी आलेत, होडी कुठे वळवायची ते ह्यांनीच सांगितलं त्यांना. पोराला तारा हवाय तो आजोबांच्या हाताला लागलेला हवाय, आणि तसा तर त्याच्याकडे आहेच, ध्रुव.

तो शोधायचा कसा ते सांगते कारण लहानपणचं तू विसरली असशील, आणि बाबांबरोबर बघताना आपण आकाशापेक्षा त्यांच्या बोटाकडेच बघत असतो. अमावस्येच्या आसपासची रात्र धर. समुद्राकडे तोंड करून उभी राहा, उजव्या हाताला उत्तर. हात पूर्ण लांब करून मूठ वळ, मुठीची खालची कड क्षितिजाला टेकव, एका मुठीवर अर्धी मूठ आणि जरासं वर, तिथे ध्रुव. देवगडला तो साधारण साडेसोळा अंशांवर असतो, म्हणून दीड मूठ. लोकांना वाटतं ध्रुव म्हणजे सगळ्यात मोठा चमकणारा तारा असेल, तसं नाहीये, मध्यमच आहे, पटकन डोळ्यात भरत नाही. ह्या दिवसांत सप्तर्षी रात्री उशिरा वर येतात तेव्हा संध्याकाळी शर्मिष्ठेवरून शोध, उत्तरेला उंचावर पाच ताऱ्यांचा वाकडातिकडा एम, त्याच्या खालच्या बाजूला. समोर डोंगर किंवा माड आड येत असतील तर धक्क्यावर जा. नवऱ्याला पण फोन करून गच्चीवर जायला सांग, मुंबईला तोच ध्रुव थोडा वर दिसतो, दोन मुठींच्या आसपास, पण तिथल्या झगमगाटात तो सापडला नाही तर व्याध नक्की सापडेल. तिघांनी एकाच वेळी व्याध बघा.

आणि मृगाचं पण सांग त्याला. जूनमध्ये मृग लागला की आपण पेरणीच्या घाईत असतो पण तेव्हा मृग आकाशात दिसत नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो, दिवसा उगवून दिवसा मावळतो. आत्ता थंडीत, कलमांना मोहोर फुटायच्या दिवसांत, तोच मृग सगळी रात्र डोक्यावरून जातो. म्हणजे तू बागेत फवारणीची काळजी करत झोपतेस तेव्हा पावसाचं नक्षत्र तुझ्या मोहोरावर जागं असतं. ह्या वर्षी मोहोर टिकेल अशी हमी मी देऊ शकत नाही. पण तू एकटी जागी नसतेस एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

झिलाला उत्तर देशील तेव्हा खूप बोलू नकोस. त्याला म्हण, हो रे, दिसतं, आणि बाहेर घेऊन जा. खळ्यातला तो एलईडी आधी बंद कर, शेजारच्यांना पण सांग तासभर बंद करा, मोबाईल घरात ठेव, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, तोपर्यंत नुसतं पडून राहा, काही दाखवायची घाई करू नको. तोच विचारेल. मधेच एखादा पडता तारा दिसला तर सांग की तो वाळूच्या कणाएवढा दगड असतो, आपल्यावर हवेचं पांघरूण आहे म्हणून वरच्यावर जळून जातो.

आणि खाली ते कांबळंच घाल, दुसरं काही नको. पेटीतून काढताना रडू येईल, येऊ दे, सासूबाईंना जवळ बसव. फक्त आदल्या दिवशी त्याला कडक ऊन दाखव, वर्षभर बंद राहून कुबट झालं असेल.